उमाकांत खांबेट्यांची पेअर

उमाकांत खांबेटे चपला घ्यायला गेला की दुकानदाराला दोन्ही चपला एकमेकींवर उलट्या ठेवून दाखवायला लावतो. टाचेला टाच, अंगठ्याला अंगठा. बंगळुरात आमच्या गांधी बाजारातला कल्लाप्पा त्याला लांबून येताना बघितलं की दुकानाचं शटर अर्धं खाली ओढतो. "अण्णा, फॅक्टरीतून पेअरच येते हो," असं तो बिचारा कन्नडात विनवत राहतो. उमाकांतचं उत्तर ठरलेलं. "फॅक्टरीचं मला सांगू नकोस. मी जन्म काढलाय फॅक्टरीत."

जन्म काढलाय, हे मात्र खरं. मिरजेहून तरुणपणी आला आणि इथल्या एका सरकारी कारखान्याला चिकटला, तो निवृत्त होईपर्यंत. त्याचं काम दातेरी चाकांच्या जोड्या लावण्याचं. एक मोठं चाक, एक छोटं. दोन्ही एकमेकांवर घासून घासून दात नीट बसवायचे आणि बसले की दोघांवर एकच नंबर ठोकायचा. मग ती जोडी तोडायची नाही. एकाचा दात पडला तर दुसरं कितीही धडधाकट असो, दोन्ही भंगारात. याला तिथे 'मॅच्ड पेअर' म्हणत. यंत्रांसाठी पद्धत चांगलीच असणार. उमाकांत निवृत्त झाला तेव्हा कारखान्याने दिलेल्या भिंतीवरच्या घड्याळाबरोबर ही पद्धतही घरी घेऊन आला.

'पेअर' या शब्दावर त्याचा भारी जीव. आमच्या मराठी मंडळात कोजागिरीला कुणी तरी त्याला "दोन शब्द बोला" म्हणायची चूक करतं आणि दूध आटून रबडी होईपर्यंत तो बोलतो. "इंग्रज शहाणा! कात्री एक, पण तो म्हणतो पेअर. चष्मा एक, तरी पेअर. चिमटा एक, पायजमा एक, तरी पेअरच. का? कारण अर्ध्या कात्रीला काही किंमत नाही. अर्ध्या चष्म्याला नाही. तसंच माणसाचं!" एकदा बायकांच्या बाजूने नयनाचा आवाज आला होता, "पायजम्याची नाडी मात्र एकच असते, आणि ती यांच्या हातात." नयना त्याची बायको. सगळा हॉल हसला. उमाकांतही हसला, कारण त्याला ते कौतुक वाटलं.

मी स्मिता. माझा जन्म बसवनगुडीतलाच, त्यामुळे मराठी काय नि कन्नड काय, सगळ्यांची मी स्मिताक्का. मंडळाचा फोन माझ्याकडे असतो. कुणाला गुरुजी हवेत, कुणाला पुरणपोळीवाली हवी, कुणाला मुलीसाठी स्थळ हवं, सगळे आधी माझ्याकडे येतात. माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हा उमाकांत भेटायला आला होता. समोर बसला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "स्मिताक्का, तुमची मॅच्ड पेअर होती. आता काय! एक गेलं की दुसऱ्याचा उपयोग नाही." त्याला हे सांत्वन वाटत होतं. नयनाने माझा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगड्या मला रुतल्या. ते वाक्य मी विसरलेली नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे त्याच्याविषयी बोलताना तिखट थोडं जास्त पडलं तर का पडलं ते कळेल.

आता मेहुणाचं सांगायला हवं. मेहूण म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यांना लक्ष्मी-नारायण मानायचं, पाटावर शेजारी शेजारी बसवायचं, गोडाधोडाचं जेवू घालायचं, बाईची ओटी भरायची, पाया पडायचं. तिकडे पुण्याला मेहुणं गल्लीत मिळतात. बंगळुरात कुठून आणणार? इंदिरानगरच्या बारा मजली इमारतीत शेजारी मल्याळी, समोर बंगाली, वरच्या मजल्यावर कोण ते कुणालाच माहीत नाही. पण पुण्याहून आई फोनवर सांगते, मेहूण घालायलाच हवं. मग ती मुलं मला फोन करतात. आणि मी सांगायची ते नाव ठरलेलं असायचं, उमाकांत आणि नयना खांबेटे.

जोडी दिसायची झकास, यात शंका नाही. तो उंच, पांढरं धोतर, सोनेरी काडीचा चष्मा. ती ठसठशीत, मोठं कुंकू, हिरवी साडी. उमाकांतने तिला हिरवीच साडी नेसायला लावली होती, कारण त्याच्या उपरण्याचा काठ हिरवा. कुठल्याही घरात पहिला पाट त्यांचा. चार मेहुणं असतील तर बाकीची तीन आपसूक दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पाटाकडे सरकायची. पेन्शनीत निघालेल्या माणसाला दुसरं काय असतं? सकाळी लालबागेत फेरी, दुपारी झोप. त्याच्या आयुष्यात एवढा एकच मान उरला होता आणि तो त्याने प्राणपणाने जपला होता.

फक्त जेवताना एक गंमत व्हायची. उमाकांतला मधुमेह. यजमानीण श्रीखंडाचं पातेलं घेऊन आली की तो स्वतःच्या पानावर एक हात आडवा धरायचा आणि दुसरा नयनाच्या पानावर. "आम्हाला गोड चालत नाही." नयनाला मधुमेह नव्हता. तिची साखर माझ्यापेक्षा चांगली. पण पेअरचं पथ्य एक, हा खांबेट्यांचा नियम. बंगळुरातल्या यच्चयावत मराठी घरांतली पुरणपोळी, बासुंदी, जिलबी त्या बाईच्या नाकाखालून गेली, जिभेवर आली नाही. देव म्हणून पाटावर बसायचं आणि नैवेद्य मात्र नुसता बघायचा. देवही तेच करतो म्हणा, पण त्याला निदान भूक नसते.

मी तिला एकदा विचारलं होतं, "तू काही बोलत का नाहीस गं?"

"चारचौघांत काय तमाशा करायचा, स्मिताक्का," ती म्हणाली. "घरी बोलले होते. ते म्हणाले, पेअरमध्ये एकाने वेगळं फिरायचं नसतं, दात मोडतात."

तर या वर्षी अधिक महिना आला. अधिक महिन्यात मेहुणांना मागणी इतकी की लग्नसराईत मंगल कार्यालयांना नसेल. मेहुणाला अनारसे द्यायचे असतात या महिन्यात, जाळी पडलेले, खसखस लावलेले. इंदिरानगरहून शाल्मलीचा फोन आला. ही आणि तिचा नवरा शार्दूल, दोघंही पुण्याची, दोघंही आयटीत, लग्नाला वर्ष झालेलं.

"मावशी, आईने सांगितलंय, एक पेअर जेवायला घालायचीच. संडेला कुणी अव्हेलेबल आहे का? प्लीज व्हेरिफाइड पेअर द्या हं, आई व्हिडिओ कॉलवर बघणार आहे."

मी खांबेटे दिले. यापेक्षा व्हेरिफाइड काय असणार, दोघांवर एकच नंबर ठोकलेला.

त्या रविवारी मीही गेले होते, शाल्मलीला स्वयंपाकात हात द्यायला. पुरण वाटायला माझे हात चालतात, ओटी भरायला चालत नाहीत. त्यामुळे अशा घरांत मी स्वयंपाकघराच्या दारातून सगळं बघते आणि तिथून फार स्वच्छ दिसतं. शाल्मलीची आई टीव्हीवर मोठी होऊन बसली होती, पण तिचा आवाज येत नव्हता. शार्दूल गुडघ्यावर बसून स्पीकरशी झटत होता. "पेअर होत नाहीये यार." उमाकांतला केवढा आनंद झाला! पाटावरूनच म्हणाला, "बघा! यंत्रालासुद्धा कळतं, पेअर झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही."

जेवण झालं. शाल्मली चांदीच्या ताटलीत अनारसे घेऊन आली. तिच्या आईने पुण्याहून कुरिअरने पाठवलेले, एकही मोडलेला नाही, ही स्वतःच एक दैवी घटना. तिने ताटली नयनापुढे धरली. नयनाने हात पुढे केला. मी स्वतः बघितला तो हात. आणि उमाकांतने त्या हातावर आपला पंजा ठेवला, अगदी प्रेमाने, आणि हसून म्हणाला, "आम्हाला गोड चालत नाही."

नयनाने हात मागे घेतला. तोंडावरची रेषसुद्धा हलली नाही. शाल्मलीने ओटीबरोबर अनारशांचा डबा पिशवीत घातला, दोघांना नमस्कार केला, टीव्हीतल्या आईनेही पदर पुढे घेऊन नमस्कार केला आणि देव खाली उतरले.

पुढचं मला दोघांकडून वेगवेगळं कळलं, आणि दोन्ही सांगण्यांत फरक फक्त सुराचा होता. इंदिरानगरच्या मेट्रो स्टेशनात उमाकांत जिन्यावरून पुढे, नयना मागे. तो मॅजेस्टिककडच्या फलाटावर चढला, तिथे गाडी बदलून बसवनगुडीला यायचं म्हणून. वर जाऊन बघतो तर शेजारी कुणी नाही. समोर, रुळांच्या पलीकडे, दुसऱ्या फलाटावर हिरवी साडी उभी.

"नयना! ही बाजू!" तो ओरडला.

नयनाने पिशवीतून डबा काढला, डब्यातून अनारसा काढला आणि खायला लागली.

"अगं, काय करतेस! स्टेशनात खायला मनाई आहे!"

तिने दुसरा काढला. पहारेकरीण शिट्टी वाजवत तिच्याकडे निघाली. नयनाने तिलाही एक दिला. तेवढ्यात गाडी आली, दारं उघडली, मिटली, आणि खांबेट्यांची अर्धी पेअर के. आर. पुरमच्या दिशेने निघून गेली. के. आर. पुरमला धनलक्ष्मी राहते. नयना शाळेत चित्रकला शिकवायची तेव्हाची तिची मैत्रीण, तीही तिथलीच शिक्षिका. तिच्या घराच्या गच्चीवर एक खोली रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी नयनाचा मला फोन आला. "अक्का, मी इथेच राहणार आहे." मी विचारलं, "किती दिवस?" ती म्हणाली, "डबा संपला, पण मी नाही जात परत." मी मनातल्या मनात नारळ फोडला.

उमाकांतने आधी सगळ्यांना सांगितलं, गुडघे दुखतात तिचे. मग सांगितलं, मुलीकडे गेलीय. मुलगी, सिद्धी, नेमकी त्याच आठवड्यात बंगळुरात येऊन आईला भेटायला के. आर. पुरमला गेली आणि बापाला फक्त फोन केला, तेव्हा तेही खोटं पडलं. इकडे बोलावणी तर येत होती. पहिल्या पाटाचा माणूस नाही म्हणेल कसा? त्याच्या कारखान्यात त्याच्या हाताखाली असलेला जितेंद्र, त्याच्याकडे मेहूण होतं. जितेंद्र आणि वेदिका दोघं दारात उभी, मी आत पुरण वाटतेय, आणि उमाकांत आला. एकटा. धोतर, हिरव्या काठाचं उपरणं, सगळं जागच्या जागी.

"वहिनी?" वेदिकाने विचारलं.

उमाकांतने खिशातून एक सुपारी काढली. चांगली मोठी, गोल, वाळलेली. "शास्त्रात सोय आहे," तो म्हणाला. "पत्नी हजर नसेल तर सुपारी ठेवून कार्य होतं."

खोटं नाही. बायको गावाला गेली असेल तर पूजेला सुपारी ठेवतात, आमच्या घरीही ठेवलेली आहे. पण ती पूजेला. जेवायला बायकोच्या जागी सुपारी घेऊन आलेला उमाकांत हा माझ्या माहितीतला पहिलाच पुरुष. जितेंद्र काय बोलणार? कारखान्यातला जुना साहेब. दोन पाट मांडलेले होते, एकावर उमाकांत बसला आणि दुसऱ्याच्या मधोमध सुपारी बसली. वेदिकाने तिला हळद-कुंकू लावलं. खण ठेवला. नारळ तर सुपारीपेक्षा इतका मोठा की ठेवल्यावर वहिनी दिसेनाशा झाल्या. पुढे केळीचं पान मांडलं, त्यावर मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, वरण-भात. मी दारातून बघत होते आणि पदर तोंडात कोंबला होता. मग वेदिका पुरणपोळी घेऊन आली. पहिली उमाकांतच्या पानाजवळ नेली, मग काय करावं कळेना म्हणून सुपारीच्या पानाकडे वळली.

उमाकांतने दोन्ही पानांवर दोन हात आडवे धरले. "आम्हाला गोड चालत नाही."

सुपारी काही बोलली नाही. उमाकांतने तिच्याकडे बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान दिसलं की माझं हसू पळालं आणि एकदम रागच आला. याला बायकोची उणीव भासतच नव्हती. याला हवं होतं ते याला मिळालं होतं.

पण गोष्ट लपते थोडीच. त्या संध्याकाळी सगळ्या बसवनगुडीला कळलं आणि दुसऱ्या दिवशी इंदिरानगरला. बोलावणी थांबली. अधिक महिना संपत आला होता, आणि शेवटच्या दिवशी मंडळाच्या हॉलमध्ये मोठं मेहूण असतं, सगळ्या बंगळुरातली मराठी घरं येतात. तिथला पहिला पाट म्हणजे उमाकांतचा जीव. तो माझ्याकडे आला. खुर्चीत बसला, उपरण्याने मान पुसली.

"स्मिताक्का, तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल. तेवढ्या दिवसापुरती येऊ दे. मग पुढचं पुढे."

मी त्याच्याबरोबर गेले. का गेले? नयना काय म्हणते ते मला माझ्या कानांनी ऐकायचं होतं, म्हणून. एवढा लांबचा मेट्रोचा प्रवास, त्यात हा गृहस्थ शेजारी बसून सांगतोय की समोरच्या मुलीच्या कानातली ती गाणी ऐकायची दोन बोंडं आहेत ना, त्यांतलं एक हरवलं तर कंपनी एकटं विकत देते, आणि ही देशाच्या अधोगतीची सुरुवात आहे.

धनलक्ष्मीच्या गच्चीवरची खोली छोटी, उजेडाची. एक खाट, एक टेबल, एक खुर्ची, एक कप. टेबलावर रंगांच्या बाटल्या आणि अर्धवट चित्र. नयनाने जांभळी साडी नेसली होती. मी खाटेवर बसले, ती खुर्चीत बसली आणि उमाकांत उभाच राहिला, इकडेतिकडे बघत.

"दुसरी खुर्ची कुठाय?"

"नाही. लागत नाही," नयना म्हणाली.

हे त्याला कळायला थोडा वेळ गेला. मग तो कामाचं बोलला. शेवटचा दिवस, मंडळाचा हॉल, पहिला पाट, एवढ्या वर्षांचा मान, लोक काय म्हणतील. चुकलो म्हणून एक अक्षर नाही. घर कसं चाललंय, जेवता काय, हे तिने विचारावं म्हणून थांबला, तिने विचारलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नयना म्हणाली, "मला एक सांगा. मला मधुमेह आहे का?"

"आपल्याला…"

"मला."

उमाकांतने चष्मा काढला. "तुला नाही."

"आणि हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"माहीत होतंच गं, पण पेअर म्हटल्यावर पथ्य…"

"सरी," नयना म्हणाली. कन्नडातलं सरी, म्हणजे ठीक आहे, संपलं. "मी येणार आहे मंडळात. मला बोलावणं आलंय."

त्याचा चेहरा उजळला. "मग प्रश्नच मिटला! पहिला पाट…"

"सवाष्ण म्हणून बोलावलंय."

सवाष्ण म्हणजे जिचा नवरा जिवंत आहे ती बाई. तिला एकटीला जेवायला बोलावतात, मान देतात, ओटी भरतात. एकट्या नवऱ्यासाठी असं आमंत्रण कुठल्याच शास्त्रात नाही. हे उमाकांतला ठाऊक होतं.

"सवाष्णीला नवरा शेजारी लागत नाही," नयना शांतपणे म्हणाली. "तो कुठेतरी जिवंत असला की पुरतं. तेवढं मात्र सांभाळा. गोळ्या वेळेवर घेताय ना?"

मंडळाचा फोन माझ्याकडे असतो हे मी मघाशी सांगितलंच आहे. आमंत्रण कुणी केलं ते निराळं सांगायला नको. उमाकांतने माझ्याकडे बघितलं, मी खिडकीबाहेर बघितलं. जाताना जिन्यावर त्याने कठड्याला घट्ट धरलं होतं. परतीच्या वाटेत तो नुसता उपरण्याचा काठ चाळवत बसला, आणि मला थोडं वाईट वाटलं. थोडंच.

शेवटच्या दिवशी हॉल गच्च भरला. उमाकांत आलाच. धोतर, उपरणं, खिशाला फुगवटा. अध्यक्ष दारातच आडवे आले. "खांबेटे, पूजेला सुपारी चालेल. पंगतीला नको. जितेंद्रकडे झालं तेवढं पुरे." पहिल्या पाटावर शार्दूल आणि शाल्मली बसली. त्याचं सोवळं ऑनलाइन मागवलेलं, तिची नऊवारी आयती शिवलेली, दोघांचे फोन मांडीखाली. अध्यक्षांनी तरुण पिढीला उत्तेजन म्हणून त्यांना बसवलं म्हणे.

मी मागच्या स्वयंपाकघराच्या दारात होते. तिथून सवाष्णींची पंगत दिसत होती. नयना तिसरी, जांभळ्या साडीत. वेदिका अनारसे वाढत आली.

"वहिनी, वाढू?"

"वाढ."

"अजून एक?"

"वाढ."

एवढ्या वर्षांत मी तिला पंगतीत 'वाढ' म्हणताना पहिल्यांदा ऐकलं. माझे डोळे भरून आले आणि मी उगाचच कढईकडे वळले.

मग बाहेर गेले. व्हरांड्यात चपलांचा ढीग पडला होता आणि उमाकांत पायरीवर बसून जोड्या लावत होता. टाचेला टाच, अंगठ्याला अंगठा. अर्ध्याहून जास्त लावून झाल्या होत्या. स्वतःच्या चपला त्याने काढल्या नव्हत्या, कारण आत कुणी बोलावलंच नव्हतं.

"उमाकांतअण्णा, बन्नी, या. जेवायला चला."

"कोण म्हणून?" त्याने मान वर न करता विचारलं. "मेहूण नाही, गुरुजी नाही, कुणाचा जावई नाही. मी आत जाऊन कोण म्हणून जेवू?"

"भूक लागलेला माणूस म्हणून. मागच्या दाराने या. मी नेहमी तशीच जेवते."

त्याने चपला काढल्या, नीट जुळवून ठेवल्या आणि आला. स्वयंपाकघरात जमिनीवर मी दोन पानं मांडली, एक त्याला, एक मला, समोरासमोर. तो बसला. सवयीने खिशात हात गेला, सुपारी बाहेर आली. जितेंद्रकडचं कुंकू अजून तिच्यावर होतं. ती त्याने आपल्या शेजारी ठेवली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "हिलाही स्वल्प वाढा, स्मिताक्का."

विड्यांच्या तबकात अडकित्ता होता. मी तो उचलला आणि सुपारीही उचलली.

"अहो, काय करताय! ती नयना आहे!"

"ही सुपारी आहे, उमाकांतअण्णा. नयना तिकडे बसून अनारसे खातेय."

वाळलेली सुपारी, पण एका दाबात फुटली. मी तिची खांडं करून तबकात टाकली. उमाकांतने डोळे मिटून घेतले होते. बाहेरून पंगतीतलं हसणं ऐकू येत होतं, त्यात नयनाचं हसणं वेगळं ओळखू येत होतं. मी त्याच्या पानावर भात वाढला, वरण वाढलं, तूप घातलं. तो सावकाश जेवला. मीठ कमी आहे असं म्हणाला नाही, हीसुद्धा नवलाची गोष्ट.

शेवटी मी अनारशांची परात पुढे ओढली. त्याचे दोन्ही हात आपोआप उठले. एक त्याच्या पानावर आडवा राहिला. दुसरा शेजारी गेला, तिथे नुसती फरशी होती, आणि तो हात तसाच हवेत थांबला.

"आम्हाला…" तो म्हणाला. मग थांबला. हात मांडीवर घेतला. "मला गोड चालत नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं. "मी माझ्यासाठी घेतेय."

आणि परातीतला सगळ्यात जाळीदार अनारसा मी उचलून तोंडात टाकला.